तिसऱ्या मीटरची रिंग

काळेवाडी
७ डिसेंबर २०२४

नवनाथ, जय भीम.

एकतीसपैकी सत्तावीस भाग मिळाले. काल संध्याकाळी गाडीचे मालक, देहूरोडचे दौलतराव, यादी हातात घेऊन बसले, एकेका भागावर टिक केली आणि खाली सही केली. म्हणजे हा आकडा माझा नाही, त्यांचा आहे. राहिले चार. त्यातले तीन मी करीन. चौथ्यासाठी हे पत्र.

तुझा फोन लागतो, पण तू उचलत नाहीस. शेवटचे आपण समोरासमोर आलो ते २०१३ साली, तुझ्या निवृत्तीच्या दिवशी, कंपनीच्या गेटवर. तू गळ्यातला हार काढून पिशवीत कोंबत होतास. मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात बस आली. आता तू आष्टीला गावी आहेस आणि मी इथेच, भाड्याच्या एका शेडमध्ये छोटा लेथ टाकून बसलोय. घरात जागा नाही म्हणून मी शेडमध्ये असतो आणि शेडमध्ये काम नाही म्हणून घरात, असं तुझी वहिनी, कस्तुरा, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. पण सहा महिन्यांपासून काम आहे, आणि आपल्या तोडीचं आहे.

गाडी एमजी. १९५४ सालची, इंग्लंडची, दोन माणसांची, वर कापडी छप्पर. दौलतरावांच्या वडिलांनी ती एका लष्करी साहेबाकडून घेतली होती. १९९७ पासून पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. चाकणला अजिंक्य म्हणून एक इंजिनीअर आहे, पस्तिशीचा, कंपनी सोडून जुन्या गाड्या उभ्या करतो. त्याच्याकडे ती आली तेव्हा बंपर, दरवाजे, चाकं सगळं होतं. मोठी वस्तू कोणी विसरत नाही. हरवतं ते खिशात मावणारं. अशा एकतीस वस्तूंची यादी त्याने माझ्या हातात दिली.

काचेच्या चौकटीचा पितळी विंगनट मला पिंपरीतल्या एका बँडवाल्याच्या ढोलाच्या स्टँडवर सापडला. आटे नव्याने पाडले, बाकी आकार तोच. छपराची बटणं देहूरोडला लष्करी तंबूंचं जुनं सामान विकणाऱ्याकडे निघाली, डबाभर. चोकची काळी मूठ मी कुकरच्या दांड्यातून लेथवर काढली. कस्तुराने विचारलं, कुकर चांगला होता ना? मी म्हटलं, दांडा चांगला होता. आणि कार्बुरेटरवरचं पितळी टोपण असं जमलं की जुनं कोणतं आणि माझं कोणतं हे अजिंक्यला सांगता आलं नाही. मी त्याला तीनदा ओळखायला लावलं. तीनदा चुकला.

आता चौथ्या भागाचं. डॅशबोर्डच्या मधोमध तीन मीटर आहेत. प्रत्येकाभोवती आठ कोनांची पितळी रिंग, वर क्रोम. दोन रिंगा आहेत, तिसरी नाही. इंग्लंडहून नवी मागवली, ती आली, पण तिच्यात काच हलते. मग अजिंक्यने मशीनवर कापून आणली. मापाला अगदी अचूक. पण त्या दोघींशेजारी ठेवली की डोळ्याला खुपते, कारण जुन्या दोन मुळात अचूक नाहीतच. सत्तर वर्षांपूर्वी कोणीतरी कानस मारून त्या हाताने बसवल्यात. एक बाजू केसभर आखूड, एका कोपऱ्याला जराशी गोलाई. ते नुसत्या डोळ्याने पकडून तसंच उतरवणारा हात मी आयुष्यात एकच पाहिला. तो आष्टीत बसून काय करतो मला माहीत नाही.

१६ मार्चला पुण्यात जुन्या गाड्यांची मिरवणूक आहे. तोपर्यंत गाडी पूर्ण हवी.

बाकी किरकोळ. इंजिनाच्या बाजूच्या झाकणाचा एक बोल्ट नाही आणि त्याच्या भोकाचे आटे गेलेत. कोंडाजी म्हणून देहूरोडचा जुना मेकॅनिक पूर्वी ही गाडी बघायचा, त्याच्या हातून झालेलं दिसतं. ते मी सांभाळून घेईन.

झालं गेलं आता बाजूला ठेवावं, असं मला वाटतं. फोटो तुझ्या सुनेच्या, दिव्याच्या फोनवर पाठवतो.

तुझा,
भीमराज


काळेवाडी
३० डिसेंबर २०२४

नवनाथ, जय भीम.

पत्र तुला पोचलं आहे. काल तुझ्या सुनेने, दिव्याने, फोनवर सांगितलं. आबांनी दोनदा वाचलं आणि डायरीत घालून ठेवलं, असं म्हणाली. मी विचारलं, काही बोलले का? तर म्हणाली, शेतात गेलेत. तू मागेच कॉटवर बसलेला असणार, हे मला समजलं. फोनवर मागून आलेला खोकला मी ओळखतो.

असो. तू गप्प म्हणून मी स्वतः रिंग करायला घेतली. पहिली कोपऱ्यात तुटली. दुसरी बरी होती, पण बसवल्यावर मीटर तोंड वाकडं करून बसल्यासारखा दिसायला लागला. तिसरी रविवारी दुपारपर्यंत जमत आली होती. शेवटचा हात मारायला गेलो आणि एक बाजू जास्त उतरली. आता घेतलेलं पितळ परत लावता येत नाही. कस्तुरा डबा घेऊन आली होती. तिने तिन्ही रिंगा ओळीने मांडल्या आणि म्हणाली, चांगल्या आहेत, पडद्याला लावू.

अजिंक्य समजूतदार माणूस आहे. मशीनवाली बसवून टाकू, असं तो म्हणतो. गाडी रस्त्यावरून जाणार, लोक लांबून बघणार.

"काका, एवढ्या जवळून कोण बघणार आहे?"

"ज्याने केली तो," मी म्हटलं.

तो हसला, पण मशीनवाली रिंग त्याने ड्रॉवरमध्ये टाकली. दौलतराव तर त्याहून हट्टी. माझ्या वडिलांच्या वेळी जशी होती तशी करा, नाहीतर ती जागा रिकामी राहू द्या, मी रिकाम्या जागेसकट चालवीन, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. अशा गिऱ्हाइकासाठी काम करायला मिळणं हे या वयात नशीबच म्हणायचं. कंपनीच्या टूलरूममध्ये एवढी वर्षं आपण जे डाय, पत्रा दाबायचे साचे, केले त्यांतून लाखो पत्रे निघाले, पण त्यातल्या एकाही पत्र्याला कोणी विचारलं नाही की तुला कोणी घडवलं.

त्या भोकाची एक गंमत तुला सांगायची राहिली. गाडी ब्रिटिश, बोल्टच्या डोक्याला पाना बसतो तो इंची, आणि आटे मात्र मिलिमीटरचे! अजिंक्यने पुस्तकात शोधलं. इंजिनाचा कारखाना मुळात फ्रेंच कंपनीचा होता, मशिनी त्यांच्या. इंग्रजांनी कारखाना घेतला, मशिनी तशाच चालवल्या आणि बोल्टची डोकी तेवढी आपल्या पान्याच्या मापाची केली. आता हे कोंडाजीसारख्याला कुठून कळणार? इंची पाना बसला की माणूस आटे पाडायचा टॅपही इंचीच घालणार. घातला, आणि आटे गेले. अजिंक्यने विचारलं तेव्हा मी त्याला हेच सांगितलं. त्याने दौलतरावांना कळवलं. तो विषय संपला.

रिंगचं काय ते कळव. नाही म्हणायचं असेल तर तसं लिही.

भीमराज


काळेवाडी
१९ जानेवारी २०२५

नवनाथ,

तुझं कार्ड मंगळवारी आलं. पोस्टमनने ते कस्तुराच्या हातात दिलं. तिने आधी स्वतः वाचलं आणि मग शेडमध्ये आणून दिलं, त्यामुळे आलं यात शंका नाही. अकरा वर्षांनी तू एवढंच लिहिलंस: "त्या भोकात टॅप कोणता गेला? रिंगचं नंतर बघू."

पन्नास पैशांचं कार्ड, त्यातली निम्मी जागा तू कोरी ठेवलीस.

आधी इकडची हकीकत सांगतो. शुक्रवारी कोंडाजी चाकणला आले. वय अठ्ठ्याहत्तर. पुतण्याच्या स्कूटरवर मागे बसून देहूरोडहून, एवढ्या ट्रकमधून. डोक्याला मफलर, हातात काठी. दौलतरावांनी त्यांना बोलता बोलता सांगितलं होतं की गाडीचं एक भोक तुमच्या वेळचं बिघडलेलं निघालं. ते ऐकून दोन आठवडे त्यांनी कोणाला काही म्हटलं नाही. मग पुतण्याला म्हणाले, मला गाडीपाशी ने.

आल्या आल्या त्यांनी चहाला नको म्हटलं. इंजिनापाशी वाकले, आधी बोट घालून बघितलं, मग अजिंक्यकडून बॅटरी घेऊन बघितलं. आम्ही तिघं उभे. दौलतराव म्हणाले, कोंडाजीमामा, एवढं मनावर घेऊ नका, तीस-तीस वर्षं झाली त्याला.

"म्या ह्या भोकाला हात लावल्याला न्हाई," कोंडाजी म्हणाले. "माझ्या टायमाला बोल्ट जाग्यावर व्हता. ह्ये इंजन म्या चार येळा खोललंय, दौलतराव. त्येचं आटं आपल्या पान्यासारखं न्हाईत, ह्ये मला तुमच्या वडलांनी दावलं व्हतं."

अजिंक्यने माझ्याकडे पाहिलं, उत्तर माझ्याकडे असणार अशा विश्वासाने. मी म्हटलं, मधल्या काळात कोणी तिसऱ्याने केलं असेल. कोंडाजींनी मान हलवली. जाताना दाराशी थांबून पुतण्याला हळूच विचारत होते, म्या एकदा शेवटी खोललं व्हतं का रं? तुला आठवतं का? पुतण्या म्हणाला, मी तेव्हा दुसरीत होतो.

काम चालू आहे. इंजिनाचे बाकी भाग बसले. दाराच्या बिजागरीची पिन मी केली, ती पहिल्याच फटक्यात नीट बसली. एकतीसपैकी एकोणतीस झाले. राहिली रिंग आणि तो बोल्ट.

टॅपचं बघून कळवतो.

भीमराज


काळेवाडी
६ फेब्रुवारी २०२५

नवनाथ,

टॅप पाच-सोळांश इंचाचा होता आणि तो मी घातला. मंगळवारी देहूरोडला कोंडाजींच्या घरी जाऊन त्यांना हे सांगितलं. काल वर्कशॉपमध्ये अजिंक्य आणि दौलतराव यांच्यासमोर पुन्हा सांगितलं. खात्री करायची असेल तर तिघांपैकी कोणालाही विचार, नंबर खाली दिले आहेत.

हे घडलं ऑक्टोबरमध्ये. बोल्ट हरवलेला होता, पण भोक चांगलं होतं, फक्त गंजलं होतं. शेजारच्या बोल्टला इंची पाना घट्ट बसला. मी म्हटलं ब्रिटिश गाडी, ब्रिटिश पाना, यात विचारायचं काय. आटे साफ करायला इंची टॅप लावला. दोन फेरे सहज गेला, मग अडकला. अडकला तिथे थांबायला हवं होतं. मी जोर लावला. टूलरूममध्ये नव्या पोरांना पहिल्या दिवशी काय सांगायचो आपण? आधी आटे मोजायची पट्टी लाव, मग टॅपला हात. ती पट्टी माझ्या खिशात होती, नवनाथ. चाळीस वर्षं ज्याने दुसऱ्यांना शिकवलं त्याला ती खिशातून काढायची लाज वाटली, कारण अजिंक्य कधीही येऊन बघेल असं वाटलं आणि मला न मोजता सांगायचं होतं.

तो टॅप मी परत डब्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी भोक बिघडलेलं "सापडलं".

तुझं कार्ड आल्यावर तीन आठवडे मी काम उरकलं की शेडमध्ये नुसता बसून राहायचो. माझ्या पत्रात मी काय लिहिलं ते मला आठवलं आणि तुला कुठे कळलं असेल तेही लक्षात आलं. मी तुला कोंडाजींची चूक म्हणून सांगताना कोणता पाना बसला आणि मग कोणता टॅप घातला हे एवढ्या खात्रीने लिहिलं. ते करणाऱ्यालाच माहीत असतं.

कोंडाजींच्या घरी गेलो तेव्हा ते अंगणात उन्हात बसले होते. मी खाली बसलो आणि सांगून टाकलं. ते रागावतील अशी तयारी करून गेलो होतो. त्यांनी काठी बाजूला ठेवली.

"म्हंजी मी न्हाई," ते म्हणाले. "मला वाटलं, माझंच ध्यान गेलं. हात लावला आन् इसरलो का काय. म्हातारपणी आसंबी हुतं म्हनत्यात. दिसभर त्येच डोक्यात, भीमराजभाऊ. जेवन जाईना."

आपण कोणाला दोष दिला तर त्याचं नाव खराब होतं, एवढंच मी धरून चाललो होतो. त्या माणसाचा स्वतःच्या आठवणीवरचा भरवसाच मी काढून घेतला होता, हे मला त्या अंगणात कळलं.

मग सुनेने चहा आणला. त्यांनी दोन घोट घेतले आणि म्हणाले, ते भोक दुरुस्त करताना मी शेजारी बसणार, तुमच्यावर नजर ठेवायला पाहिजे. आणि खरंच आले. काल स्टुलावर बसून होते. मी भोक मोठं केलं, त्यात लेथवर काढलेली पोकळ पोलादी बुशी बसवली, आतून आठ मिलिमीटरचे बारीक आटे पाडले. मोजून. दर फेऱ्याला कोंडाजी म्हणायचे, थांबा, आता मागं घ्या. मी मागे घेत होतो. बोल्ट मी स्वतः केला, डोकं इंची, आटे मिलिमीटरचे. तो बोटाने फिरवत शेवटपर्यंत गेला आणि पान्याच्या एका फेऱ्याने घट्ट बसला. मी आयुष्यात हजार डाय केले असतील, पण एवढ्या लहान कामाचा एवढा अभिमान वाटलेला आठवत नाही. यादीत तिसावी टिक दौलतरावांनी केली आणि अजिंक्यला सांगितलं की पुढच्या गाडीलाही हेच दोघे म्हातारे हवेत.

आता दुसरं. ते लिहायला ३१ वर्षं उशीर झाला आहे.

१९९४ चा तो पत्र्याचा डाय. पहिल्या शिफ्टला भोकांचं माप मी घेतलं होतं. रात्री घरी जेवताना लक्षात आलं की मी उलट्या बाजूने मोजलं. उद्या सकाळी सांगू म्हटलं. दुसऱ्या शिफ्टला तू माझ्या खुणांवर काम पूर्ण केलंस आणि आपल्या रिवाजाप्रमाणे, जो शेवटी हात लावतो त्याचा नंबर, तुझा ३४७ त्याच्यावर ठोकलास. सकाळी मी पोचलो तेव्हा प्रेसवर डाय फुटलेला होता आणि साहेब तुकड्यांवरचा नंबर वाचत होते. चौकशीत मला विचारलं, तुला काही सांगायचं आहे का? मी नाही म्हटलं.

तुला टूलरूममधून असेंब्ली लाईनवर टाकलं. १९ वर्षं तू तेच चार नट हवेच्या बंदुकीने आवळलेस. तुझ्या हाताला कंपनीने परत कानस लावू दिली नाही. आणि मी टूलरूमचा चार्जमन होऊन निवृत्त झालो, घड्याळ मिळालं.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. कस्तुरालाही परवाच सांगितलं. पाणी भरायला गेली आणि परत आल्यावर म्हणाली, नवनाथभाऊजी दिवाळीला यायचे ते एकदम का बंद झाले, हे मी तुम्हाला दहा वेळा विचारलं होतं.

रिंग करून दे असं आता म्हणत नाही. पट्टी खिशात ठेवणाऱ्याचं हे पत्र आहे, एवढं समज.

भीमराज


काळेवाडी
२५ फेब्रुवारी २०२५

नवनाथ, जय भीम.

तुझं दुसरं कार्ड काल मिळालं. या वेळी कोरी जागा नव्हती. ते मी कस्तुराला मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे मी त्यातलं काही गाळू नये. तू लिहिलंस:

"मला कशाला सांगतोस? मला तुकडे बघितले तेव्हाच कळलं होतं. खुणा तुझ्या हाताच्या होत्या, मला तुझा हात ओळखू येत नाही का? चौकशीत मी गप्प बसलो ते तू बोलशील म्हणून. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग. रिंग फोटोवर होत नसते. दोन्ही जुन्या समोर पाहिजेत."

तुझं हे वाचल्यावर मला जे लिहावंसं वाटलं ते मी लिहीत नाही. आता लिहून काही होत नाही, करायचंच आहे, आणि काय करायचं ते तू सांगितलं आहेस.

आपल्या टूलरूमचे निवृत्त लोक महिन्याच्या पहिल्या रविवारी पिंपळे सौदागरला जमतात, बुद्धरत्नच्या सोसायटीच्या बागेत. तू कधी आला नाहीस. बारा-चौदा जण असतात. चहा, उपमा, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कोणाचा नातू परदेशी गेला. तिथे एक जुना शब्द चालतो, तो तुला कोणी सांगितला नसेल, म्हणून मीच सांगतो. कोणी काम बिघडवलं, साधा चहा सांडला, तरी म्हणतात, केला नवनाथचा डाय. सगळे हसतात. मीही हसत आलोय. हे लिहायला त्या टॅपचं लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

काल बुद्धरत्नला फोन केला. त्याला सांगितलं, रविवारी दोन मार्चला उपम्याच्या आधी मला पाच मिनिटं पाहिजेत, उभं राहून बोलायचं आहे. तो म्हणाला, काय रे, पंच्याहत्तरी आहे का कोणाची? मी म्हटलं, नाही, डायचं आहे, नवनाथच्या नाही, माझ्या. त्याने तारीख पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाला, सगळ्यांना वेळेवर यायला सांगतो.

तिथे मला लाज वाटेल, हे मला माहीत आहे. पण एक गोष्ट मी ताठ मानेने सांगणार आहे. हाताने केसभराचा फरक ओळखणारा एकच माणूस आपल्या टूलरूममध्ये होता, आणि त्याच्याकडून करून घेण्यासारखं काम आज सत्तर वर्षं जुन्या गाडीच्या निमित्ताने आलं आहे. त्याचा हात बघायचा असेल त्याने १६ तारखेला पुण्यात यावं, किंवा यायला उशीर झाला तर देहूरोडला दौलतरावांकडे. हे ऐकताना सगळ्यांचे चेहरे मला बघायचे आहेत.

दौलतरावांना जुन्या रिंगांचं विचारलं. कुरिअरने पाठवायला ते तयार नाहीत. रिंगा काढल्या तर वाकतील, म्हणून अख्खा डॅशबोर्ड काढून स्वतः घेऊन येतो म्हणाले. म्हणजे मंगळवारी, चार तारखेला, सकाळी सहाला दौलतरावांच्या रोजच्या गाडीने आम्ही इथून निघू: दौलतराव, मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेला डॅशबोर्ड, आणि पितळी पत्र्याचे चार तुकडे घेऊन मी. कोंडाजीही येतो म्हणतायत. तुझ्या हाताला माझ्यासारखी नजर ठेवायची गरज नाही, हे त्यांना सांगून बघितलं, ऐकत नाहीत. नगरला चहा घेऊन दुपारी एकपर्यंत आष्टीत पोचू.

मी रविवारी काय बोललो ते माझ्याकडून ऐकू नकोस. बुद्धरत्न तिथून उठण्याआधी तुला फोन करील, मी त्याला तुझा नंबर दिला आहे. तो उचल. त्याने सांगितलेलं तुझ्या मापात बसलं तर मंगळवारी दुपारी दार उघड. त्याचा फोन आला नाही, तर उघडू नकोस. दौलतराव बाहेर बाजेवर बसतील, मी गाडीतच थांबेन.

भीमराज